वृद्ध वाहनचालक आणि मोटारीचा विमा : हप्ता, संरक्षण आणि वयाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

बहुतेक विमा मनुष्य स्वेच्छेने उतरवितो. मोटारीचा विमा हा याला मोठा अपवाद होय. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १४६ अन्वये तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा उतरविल्यावाचून कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या नियमाच्या पहिल्या भंगास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास आणि पुढील भंगास ४,००० रुपये दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. जी वस्तू कायद्याने घ्यावीच लागते तिची किंमत कशी ठरते आणि तिच्यापासून प्रत्यक्षात काय मिळते, हे दोन प्रश्न म्हणूनच केवळ व्यापारी राहत नाहीत. ते सार्वजनिक हिताचे ठरतात.

साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाहनचालकाच्या बाबतीत हे प्रश्न अधिक तीव्र होतात. त्याचे उत्पन्न बहुधा निवृत्तिवेतनापुरते किंवा ठेवींच्या व्याजापुरते मर्यादित असते. अपघात घडल्यास होणारी शारीरिक हानी तरुणापेक्षा गंभीर असते. आणि एखाद्या दाव्याची रक्कम स्वतःच्या गाठीच्या पुंजीतून भरण्याची पाळी आली, तर ती पुंजी पुन्हा उभी करण्यास त्याच्यापाशी वर्षे उरलेली नसतात. वार्धक्याचा विम्याच्या हप्त्यावर किती परिणाम होतो, याची चर्चा पुष्कळदा होते. वार्धक्याचा विम्याच्या संरक्षणावर कोणता परिणाम होतो, याची चर्चा क्वचितच होते. भारतीय परिस्थितीत दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. वय आणि जोखीम यांचा संबंध

वयोमानानुसार वाहन चालविण्याच्या शक्तीत काही बदल निश्चितपणे होतात. साठ वर्षांच्या मनुष्याच्या दृष्टिपटलापर्यंत वीस वर्षांच्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो. बाहुली आकुंचित होते आणि नेत्रभिंग पिवळसर होते, हे त्याचे कारण. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोताने दिपलेली दृष्टी पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. एकाच वेळी अनेक दिशांकडे लक्ष ठेवून निर्णय घेणे अवघड होते. म्हणूनच वृद्ध चालकांचे अपघात चौकात, विशेषतः समोरून येणारी वाहतूक ओलांडून वळताना, तुलनेने अधिक घडतात. उलटपक्षी अतिवेग, मद्यपान आणि बेदरकारपणा यांमुळे होणाऱ्या अपघातांत त्यांचा वाटा कमी असतो. पुष्कळ वृद्ध चालक रात्री, पावसात किंवा गर्दीच्या वेळी गाडी बाहेर काढण्याचे आपण होऊन टाळतात.

एकंदर आकडेवारीत धावलेल्या अंतराच्या प्रमाणात मोजलेला अपघातांचा दर तरुणांत जास्त, मध्यम वयात कमी आणि सत्तरी-पंचाहत्तरीनंतर पुन्हा वाढता असा आढळतो. परंतु या वाढीचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, मृत्यूंच्या आकड्यांतील वाढ आणि अपघातांच्या आकड्यांतील वाढ ह्या एकच नव्हेत. २००३ साली ‘अ‍ॅक्सिडेंट अ‍ॅनालिसिस अँड प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात ली, ब्रेव्हर व चेन या संशोधकांनी अमेरिकेतील आकडेवारीचे पृथक्करण केले. त्यात वृद्ध चालकांच्या अतिरिक्त मृत्युप्रमाणाचा बहुतांश भाग त्यांच्या शरीराच्या नाजूकपणामुळे येतो, अपघातांच्या आधिक्यामुळे नव्हे, असे त्यांना आढळले. ज्या धडकेतून तिशीतला मनुष्य खरचटून उठतो त्याच धडकेत पंचाहत्तरीतला मनुष्य दगावतो. दुसऱ्या शब्दांत, वृद्ध चालक इतरांना जितका धोकादायक असतो त्यापेक्षा अधिक धोका त्याला स्वतःला असतो.

दुसरी गोष्ट अंतराच्या मोजणीसंबंधीची आहे. वर्षाकाठी फार कमी अंतर चालविणारा कोणत्याही वयाचा मनुष्य दर किलोमीटरमागे अधिक अपघात करतो. कारण त्याची धाव बहुतेक शहरातील गल्ल्या-चौकांतून होते, मोकळ्या हमरस्त्यावरून नव्हे, आणि त्याचा सरावही कमी असतो. फिनलंडमधील लीसा हाकामिएस-ब्लोमक्विस्त व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली असे दाखविले की, वार्षिक धाव सारखी असलेल्या गटांची तुलना केली असता वयामुळे दिसणारी वाढ जवळजवळ नाहीशी होते. या निष्कर्षावर पुढे वाद झाले. तथापि ‘वय वाढले म्हणजे जोखीम वाढली’ हे समीकरण वाटते तितके सरळ नाही, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध होते.

३. हप्त्यात वयाला स्थान किती : परदेशांतील तीन मार्ग

विमाशास्त्राचा मूळ नियम असा की, समान जोखमीच्या व्यक्तींचा एक वर्ग कल्पून त्या वर्गाच्या सरासरी हानीवरून प्रत्येकाचा हप्ता ठरवावा. वय हे असा वर्ग पाडण्याचे सोपे साधन आहे. ते लपविता येत नाही आणि पडताळण्यास खर्च येत नाही. परंतु त्यात एक अन्याय अंगभूत आहे. पन्नास वर्षे निर्धोकपणे गाडी चालविणारा आणि गेल्याच वर्षी तीन ठिकाणी धडकलेला, असे दोघे पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ वयाच्या एकाच कोष्टकात बसतात. हा पेच सोडविण्याचे निरनिराळे मार्ग निरनिराळ्या प्रदेशांनी चोखाळले आहेत.

अमेरिकेत १९४५ च्या कायद्यापासून विमा-व्यवसायाचे नियंत्रण मुख्यतः घटक राज्यांकडे आहे. त्यामुळे तेथे एकाच देशात अनेक पद्धती नांदतात. कॅलिफोर्निया राज्यात नोव्हेंबर १९८८ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव १०३’ संमत केला. त्यानुसार मोटार-विम्याचा हप्ता प्रथम चालकाच्या सुरक्षिततेच्या पूर्वेतिहासावर, नंतर वार्षिक धावेवर आणि त्यानंतर वाहन चालविण्याच्या अनुभवाच्या वर्षांवर आधारावा लागतो. येथे वार्धक्य हे ओझे न ठरता अनुभव म्हणून जमेस धरले जाते. याच राज्यात ५५ वर्षांवरील चालकाने मान्यताप्राप्त उजळणी-अभ्यासक्रम पूर्ण केल्यास विमाकंपनीने त्याला सूट देणे कायद्याने आवश्यक आहे. मॅसॅच्युसेट्स राज्य याहून पुढे गेले आहे. तेथे ६५ वर्षांवरील चालकांना हप्त्यात २५ टक्के सूट कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. हा विमाशास्त्राचा निर्णय नसून सामाजिक निर्णय आहे, हे उघड आहे. सुटीचा भार अर्थातच इतर विमेदार उचलतात.

ब्रिटनने मधला मार्ग पत्करला. २०१० च्या समता कायद्याने सेवा देताना वयावरून भेदभाव करण्यास सामान्यतः बंदी घातली. परंतु विमाकंपनीला सुसंबद्ध आणि विश्वासार्ह माहितीच्या आधारे वयाचा विचार करण्याची मुभा ठेवली. त्याचबरोबर २०१२ साली सरकार आणि विमा-व्यवसायाच्या संघटना यांच्यात असा करार झाला की, एखाद्या कंपनीने वयामुळे मोटार-विमा नाकारल्यास तिने त्या ग्राहकाला तो विमा मिळू शकेल अशा ठिकाणाची वाट दाखवावी. वय हे किमतीचे कारण असू शकेल, परंतु ते दार बंद करण्याचे कारण होऊ नये, असा या व्यवस्थेचा मथितार्थ होय.

४. भारतातील हप्त्याची घडण

भारतात सक्तीच्या मोटार-विम्याची तरतूद १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात होती; तिचा प्रत्यक्ष अंमल १ जुलै १९४६ पासून सुरू झाला. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ रोजी अंमलात आला. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दीर्घ काळ हप्त्याचे दर एकाच दरपत्रकानुसार ठरत राहिले. २००२ सालच्या अशा दरपत्रकाकडे पाहिले असता एक गमतीची गोष्ट आढळते. गाडीचा हप्ता तीन गोष्टींवर ठरे : इंजिनाची क्षमता, नोंदणीचे शहर आणि गाडीचे वय. मुंबई, पुणे यांसारखी आठ मोठी शहरे ‘अ’ क्षेत्रात मोडत आणि तेथील दर अधिक असे. गाडी किती वर्षांची, हे दरपत्रक विचारीत असे. चालक किती वर्षांचा, याला त्यात दर नव्हता.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या हानीसाठी असलेल्या विम्याचे दर खुले झाले. तेव्हापासून या भागापुरता हप्ता ठरविताना कंपनीला चालकाचे वय, व्यवसाय, पूर्वीचे दावे इत्यादींचा विचार करता येतो. मात्र तृतीय पक्षाच्या विम्याचे दर खुले झाले नाहीत. ते शासनच ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी १,००० घन सेंटिमीटरपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता ठरला. यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के. हा दर पंचविशीच्या तरुणाला आणि पंचाहत्तरीच्या वृद्धाला एकच आहे.

याचा अर्थ असा की, सक्तीच्या भागात भारतीय वृद्ध चालकाला त्याच्या वयाची किंमत मोजावी लागत नाही. ऐच्छिक भागात वयाचा परिणाम होऊ शकतो. परंतु जुन्या गाडीच्या बाबतीत हा भागच लहान होत जातो. कारण तो गाडीच्या घोषित मूल्यावर अवलंबून असतो आणि ते मूल्य ठरलेल्या घसाऱ्याने कमी होते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के असा हा घसारा आहे. पाच वर्षांनंतर कंपनी व विमेदार यांनी परस्परसंमतीने मूल्य ठरवावयाचे असते.

५. नो-क्लेम बोनस आणि उरलेल्या वर्षांचा हिशेब

दावा न केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो-क्लेम बोनस, ही वृद्ध चालकाची विम्यातील खरी मिळकत होय. ती क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढते. ती केवळ स्वतःच्या गाडीच्या हानीच्या हप्त्यावर मिळते, तृतीय पक्षाच्या हप्त्यावर नाही. ती गाडीची नसून विमेदाराची असते. जुनी गाडी विकून नवी घेतल्यास ती नव्या गाडीकडे नेता येते. मात्र विम्याची मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण न केल्यास ती संपुष्टात येते. आजारपणात किंवा मुलांकडे परगावी दीर्घ मुक्कामात नूतनीकरण राहून जाणे ही वृद्धांच्या घरांत विरळा गोष्ट नव्हे; पाच वर्षांची मिळकत अशा वेळी एका विस्मरणात जाते.

किरकोळ दुरुस्तीसाठी दावा करावा की नाही, याचा निर्णय एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १,२०० घन सेंटिमीटरच्या एका मोटारीचा स्वतःच्या हानीचा मूळ हप्ता ६,००० रुपये आहे. तृतीय पक्षाचा हप्ता ३,४१६ रुपये. बोनस नसल्यास बेरीज ९,४१६ रुपये आणि करासह सुमारे ११,१११ रुपये होते. ५० टक्के बोनस असल्यास बेरीज ६,४१६ रुपये आणि करासह सुमारे ७,५७१ रुपये. या चालकाने एक दावा केला, तर पुढील वर्षी त्याचा बोनस शून्यावर येतो. त्यानंतर पुन्हा २०, २५, ३५, ४५ असे चढत त्याला ५० टक्क्यांवर यावे लागते. या पाच वर्षांत गमावलेली सूट ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० मिळून ७,५०० रुपये आणि करासह ८,८५० रुपये होते. गाडीचे मूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्ष तोटा याहून काहीसा कमी भरेल. तरीही ५,००० रुपयांच्या दुरुस्तीसाठी दावा करणे अशा चालकाला महागात पडते, हे उघड आहे. शिवाय १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या गाडीच्या प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये विमेदारालाच सोसावे लागतात, आणि प्लास्टिक व रबरी भागांच्या किमतीतून निम्मा घसारा वजा होतो.

येथे वयाचा एक वेगळाच परिणाम दृष्टीस पडतो. वरील हिशेब पाच वर्षे गाडी चालविणाऱ्याचा आहे. ज्या चालकाला आणखी दोनच वर्षे गाडी चालवावयाची आहे, त्याचा तोटा पहिल्या दोन वर्षांपुरता, म्हणजे करासह ५,६६४ रुपये एवढाच होतो. बोनसची किंमत ही पुढे चालवावयाच्या वर्षांवर अवलंबून असते. तरुणाने जो दावा टाळावा तो वृद्धाने करणे कधी कधी शहाणपणाचे ठरते.

हप्ता कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे दाव्यातील अधिक रक्कम स्वतः सोसण्याची तयारी दाखविणे. २००२ च्या दरपत्रकात १५,००० रुपयांपर्यंतची हानी स्वतः सोसणाऱ्यास ३५ टक्के, पण जास्तीत जास्त २,५०० रुपये सूट होती. म्हणजे एका अपघातातील जादा भार भरून निघण्यास सहा अपघातरहित वर्षे लागतात. मर्यादित उत्पन्नाच्या विमेदाराने हा सौदा जपून करावा. याउलट अल्प धावेच्या चालकाला उपयोगी पडेल असा बदल जुलै २०२२ मध्ये झाला. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने धावेनुसार आणि चालविण्याच्या पद्धतीनुसार हप्ता आकारण्यास त्या वेळी परवानगी दिली. आठवड्यातून दोनदा बाजारात व एकदा देवळात जाण्यापुरती गाडी काढणाऱ्या गृहस्थाने रोज साठ किलोमीटर धावणाऱ्याइतका हप्ता भरावा, ही जुनी विसंगती त्यामुळे दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला.

६. परवाना : संरक्षणाचा खरा पाया

आतापर्यंत हप्त्याचा विचार झाला. हप्ता वेळेवर भरूनही संरक्षण हातचे जाऊ शकते, आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे परवान्याची संपलेली मुदत. मोटार-विम्याच्या प्रत्येक करारात अशी अट असते की, अपघाताच्या वेळी चालकापाशी अंमलात असलेला परवाना असला पाहिजे.

परवान्याच्या मुदतीचे नियम वयाप्रमाणे बदलतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीस वर्षांखालील व्यक्तीचा परवाना चाळिसाव्या वर्षापर्यंत, तीस ते पन्नास वर्षांच्या व्यक्तीचा दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न वर्षांच्या व्यक्तीचा साठाव्या वर्षापर्यंत आणि पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीचा पाच वर्षे चालतो. खासगी वाहनाच्या परवान्यास वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशीनंतरच्या प्रत्येक नूतनीकरणास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यास चालविण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पूर्वी मुदत संपल्यावरही परवाना तीस दिवस अंमलात राहत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी चालक विनापरवाना ठरतो. ज्यांच्या आठवणीत तीस दिवसांची सवलत घट्ट बसलेली आहे त्यांना हा बदल विशेष घातक आहे.

अशा स्थितीत अपघात झाला तर काय होते? स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारू शकते. तृतीय पक्षाच्या बाबतीत न्यायालयांनी जखमींचे हित जपले आहे. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २००४ रोजी असा निर्णय दिला की, परवान्यातील दोष दाखवून कंपनीला केवळ तेवढ्यावरून सुटका करून घेता येणार नाही. मालकाने अटीचा भंग जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे केला हे तिने सिद्ध केले पाहिजे. तसे सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण तिला प्रथम भरपाई देण्यास सांगू शकते आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार देऊ शकते. परक्या चालकाच्या परवान्याविषयी फसगत झालेल्या मालकाला या निर्णयाचा आधार मिळतो. परंतु जेथे मालक स्वतःच चालक आहे तेथे आपल्या परवान्याची मुदत ठाऊक नव्हती, असे सांगण्यास फारसा वाव राहत नाही. जीवितहानीच्या दाव्यात भरपाई लाखांच्या घरात जाते. ती निवृत्त मनुष्याच्या घरावर आणि ठेवींवर येऊन पडते.

वैद्यकीय प्रमाणपत्राच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. विहित नमुन्यात डॉक्टरने तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरपट्टी वाचता येते काय, बहिरेपणा वा रातांधळेपणा आहे काय, इत्यादी प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. चौकातील गुंतागुंतीत निर्णय किती लवकर घेता येतो, याची परीक्षा त्यात नाही. शिवाय विम्याच्या प्रस्तावपत्रात चालकाच्या दृष्टिदोषाविषयी, श्रवणदोषाविषयी व शारीरिक व्यंगाविषयी स्वतंत्र प्रश्न असतो. विम्याचा करार परमविश्वासाचा करार मानला जातो. मुलाने किंवा दलालाने प्रस्तावपत्र भरताना या प्रश्नापुढे सवयीने ‘नाही’ लिहिले, तर पुढे दावा लढविण्यास कंपनीला तेच कारण पुरते.

७. कोणाला कोणते संरक्षण

गाडी जुनी झाली म्हणजे पुष्कळ वृद्ध मालक स्वतःच्या हानीचा विमा सोडून केवळ कायद्याने सक्तीचा विमा ठेवतात. गाडीच्या किमतीचाच विचार केला तर हे योग्य दिसते. परंतु यात एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध बाळकृष्णन या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असा भेद स्पष्ट केला की, सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज विम्यात खासगी गाडीत बसलेल्या व्यक्तींची जोखीम समाविष्ट होते. केवळ कायद्यापुरत्या विम्यात ती होत नाही. वृद्ध चालकाच्या शेजारी बहुधा त्याची पत्नी बसलेली असते आणि मागे नातवंडे. दोन-तीन हजार रुपये वाचविण्याच्या प्रयत्नात नेमके त्यांचेच संरक्षण सुटते.

मालक-चालकासाठी असलेल्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम २०१८ सालच्या आदेशाने १५ लाख रुपये करण्यात आली. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास संपूर्ण रक्कम आणि एक अवयव किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास निम्मी रक्कम मिळते. रुग्णालयाचा खर्च मात्र यातून मिळत नाही. वर सांगितल्याप्रमाणे वृद्ध चालकाला सर्वाधिक धोका स्वतःच्या शरीराचा असतो. हाड मोडणे हा त्याच्या अपघाताचा नेहमीचा परिणाम. नेमका हाच खर्च मोटार-विम्याच्या बाहेर राहतो. त्यासाठी आरोग्यविम्याची स्वतंत्र जोड हवी. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, आणि मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोख उपचारांची योजना अधिसूचित झाली. मोटार-विम्यातील उणीव या दोन योजना काही अंशी भरून काढतात.

दृष्टी मंदावल्यावर पगारी चालक ठेवण्याची पद्धत शहरांत रूढ आहे. अशा वेळी विम्यात दोन बदल आवश्यक होतात. पगारी चालकाविषयीच्या कायदेशीर दायित्वाची जोड घ्यावी; दरपत्रकात तिचा हप्ता दर चालकामागे अवघा ५० रुपये होता. आणि मागील आसनावर बसणाऱ्या मालकासाठी प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. कारण मालक-चालकाचा विमा मुळात परवानाधारक मालकासाठी, तो गाडी चालवीत असताना किंवा सहचालक म्हणून प्रवास करीत असताना लागू होणारा आहे. परवान्याचे नूतनीकरण न करण्याचे ज्याने ठरविले त्याला या विम्याचा उपयोग राहत नाही.

विमेदाराच्या मृत्यूनंतरची तरतूदही वारसांनी जाणून घेतली पाहिजे. मालकाचा मृत्यू झाल्याबरोबर विमा रद्द होत नाही. तो मृत्यूच्या दिनांकापासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालू राहतो. या अवधीत वारसांनी तो आपल्या नावावर करून घ्यावा. गाडी पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गेल्यास साचलेला बोनसही त्यांना मिळू शकतो. सुतकाच्या दिवसांत कागदपत्रांकडे कोणाचेच लक्ष नसते. आणि तीन महिने उलटल्यावर तीच गाडी विनाविमा रस्त्यावर येते.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वृद्ध चालकाच्या विम्याचा प्रश्न पाश्चात्त्य देशांत मुख्यतः किमतीचा आहे, तर भारतात तो मुख्यतः वैधतेचा आहे. तेथे कॅलिफोर्नियाने पूर्वेतिहासाला, मॅसॅच्युसेट्सने वयाच्या मानाला आणि ब्रिटनने पुराव्याला प्राधान्य दिले. भारतात सक्तीच्या विम्याचा दर सर्वांना समान असल्याने वयाचा भार समाजात वाटला जातो, आणि सरासरीने कमी धाव असलेल्या वृद्धावर त्यामुळे फारसा अन्याय होत नाही. परंतु त्याच वृद्धाचे संरक्षण परवान्याच्या एका दिनांकावर, प्रस्तावपत्रातील एका उत्तरावर आणि विम्याच्या प्रकारावर टांगलेले असते. या तिन्ही गोष्टी विम्याच्या हप्त्यात दिसत नाहीत. त्या दाव्याच्या वेळीच दिसतात.

गाडी चालविणे केव्हा थांबवावे, हा प्रश्न विम्याने सुटणारा नाही. शहरातील बस, रेल्वे आणि पदपथ वृद्धांना वापरण्याजोगे असतील तर तो निर्णय सुसह्य होतो. नसतील तर गाडीची किल्ली खाली ठेवणे म्हणजे स्वातंत्र्य खाली ठेवणे ठरते. मात्र जोवर किल्ली हातात आहे तोवर परवान्याचा दिनांक, विम्याचा प्रकार आणि नूतनीकरणाची तारीख या तीन गोष्टी वर्षातून एकदा एकाच दिवशी तपासण्याचा परिपाठ प्रत्येक घरात असावा. त्याला खर्च काहीच येत नाही, आणि त्यावाचून भरलेला हप्ता ऐन वेळी निष्फळ ठरू शकतो.